सांचीभोवतीचे स्तूप आणि सरांचा एक प्रश्न



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या इतिहासाच्या तासाला मी तीन वर्षे बसलो. पुढे मात्र मी इतिहासाकडे वळलो नाही. मध्य प्रदेश शासनाच्या सिंचाई विभागात नोकरी केली आणि बांध, कालवे व सांडवे यांच्या हिशेबात माझा उमेदीचा काळ गेला. तेव्हा या व्यासपीठावरून इतिहासाबद्दल बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे, हे प्रारंभीच मान्य करतो. तरीही विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. १९६६ च्या हिवाळ्यात सरांनी मला एक प्रश्न विचारला होता. माझे तेव्हाचे उत्तर अपुरे ठरले. ते पुरे करण्याचा प्रयत्न आज करतो.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांना भेलसा हे नाव परके नाही. शिंदे सरकारच्या राज्यातला तो एक जिल्हा. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा कारकून म्हणून, मास्तर म्हणून तेथे राहून आले. १९५६ साली या गावाला विदिशा हे आपले प्राचीन नाव परत मिळाले. तेथून नऊ-दहा किलोमीटरांवर असलेली सांची मात्र भोपाळ संस्थानात होती. नववीची आमची सहल सांचीला गेली, तेव्हा झाशी, बीना असे करीत पॅसेंजर गाडीने आम्ही पोचलो होतो. पहिल्या दिवशी सर्वांनी सांचीचा महास्तूप पाहिला. दुसऱ्या दिवशी बाकीची मुले विदिशेला गेली आणि सरांनी आम्हा सात-आठ जणांना बैलगाडीने सोनारीला नेले.

सोनारी सांचीच्या नैर्ऋत्येस, सुमारे दहा किलोमीटरांवर आहे. गाव मागे पडले, चढण लागली आणि साग, तेंदू, पळस यांच्या रानात आम्ही शिरलो. पानगळ सुरू झालेली होती. पठारावर पोचल्यावर झाडीतून एक प्रचंड दगडी ढीग पुढे आला. सरांनी सांगितले म्हणून तो स्तूप हे कळले. एरवी आम्ही त्याला टेकाडच म्हटले असते. आजूबाजूला लहान स्तूपांची वर्तुळे होती, विहारांच्या भिंतींचे पाये होते आणि या सर्वांवर वेली चढल्या होत्या. सर पुढे गेले तेवढ्यात मी खिशातला चाकू काढला आणि एका दगडावर माझ्या नावाचे पहिले अक्षर कोरू लागलो.

सरांनी ते पाहिले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "काल सांचीला कठड्यावरची नावे दाखवली होती ना तुम्हांला? त्या प्रत्येकाने काहीतरी दिले होते, म्हणून त्याचे नाव तिथे आहे. तू काय दिलेस?"

मी चाकू मिटला. मग त्यांनी सर्वांना विचारले, "हे भिक्षू एवढ्या रानात येऊन का राहिले असतील?" मी मान वर करून म्हणालो, "एकांतासाठी, सर."

"पाचापैकी दोन गुण," सर म्हणाले. "उरलेले तीन मोठा झाल्यावर मिळव."

पाच टेकड्या

सांची एकटी नाही, ही गोष्ट आजही पुष्कळ प्रवाशांना ठाऊक नसते. पश्चिमेस हलाली नदीच्या दरीवर सतधारा, नैर्ऋत्येस सोनारी, आग्नेयेस मुरेल खुर्द आणि त्याच्याही पलीकडे अंधेर, असे आणखी चार स्तूपसमूह तिच्या आसपास आहेत. मुरेल खुर्दच्या समूहाला जुन्या ग्रंथांत भोजपूर म्हटले आहे. राजा भोजाचे शिवमंदिर असलेले भोजपूर ते निराळे. १८५१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम आणि कॅप्टन मेसी या दोघांनी हे पाचही समूह धुंडाळले. त्यावरील कनिंगहॅम यांचा ग्रंथ १८५४ साली प्रसिद्ध झाला आणि 'भिलसा टोप्स' हे नाव विद्वानांत रूढ झाले.

स्तूपाची रचना थोडक्यात सांगतो. मध्यभागी अस्थिधातू किंवा पवित्र वस्तू. तिच्याभोवती दगडामातीचा किंवा विटांचा भरीव अर्धगोल, त्याला अंड म्हणतात. खाली मेधी म्हणजे जोते, वर हर्मिकेचा चौकोनी कठडा आणि छत्र. सभोवार प्रदक्षिणापथ, त्याच्या कडेने वेदिका, आणि वैभव असेल तेथे तोरणे. सांचीच्या महास्तूपाचा गाभा अशोककालीन, विटांचा. शुंगकाळात त्याला दगडी आवरण चढून तो जवळजवळ दुप्पट झाला. आज त्याचा व्यास सुमारे ३६.५ मीटर आणि उंची सुमारे १६.५ मीटर आहे. तोरणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. दक्षिण तोरणावर राजा सातकर्णी याच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहनांची खूण विंध्याच्या उत्तरेस अशी सापडते.

रानातील चार समूहांना असली तोरणे नाहीत. तेथे चुन्याशिवाय रचलेल्या दगडांचे स्तूप आहेत आणि विहारांची उंच दगडी जोती आहेत. अंधेरला तीनच स्तूप, पण कड्याच्या अगदी काठावर. मुरेल खुर्दला तीसहून अधिक, उतारावर विखुरलेले. सतधाराचा मुख्य स्तूप सांचीच्या महास्तूपाची आठवण करून देणारा. खाली दरीत नदी आणि खडकांच्या कपारी. मी १९८० च्या दशकात प्रथम सतधाराला गेलो, तेव्हा स्तूपाच्या माथ्यावर झाडे होती आणि त्यांच्या मुळांनी दगड उचकटले होते. १९९० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि युनेस्को यांच्या प्रयत्नांतून तेथील झाडी काढून स्तूप सावरण्यात आले. त्या साफसफाईत पूर्वी कुणाला न दिसलेले कितीतरी लहान स्तूप उघडे झाले.

करंडकांवरची नावे

या स्तूपांच्या शोधाची कथा अभिमानाची आहे तशी खेदाचीही आहे. १८१८ साली जनरल टेलर यांनी सांचीची नोंद केली, त्या वेळी महास्तूप बव्हंशी शाबूत होता. १८२२ साली कॅप्टन जॉन्सन यांनी आत काय आहे ते पाहण्यासाठी त्याला माथ्यापासून पायापर्यंत भगदाड पाडले आणि त्यामुळे एका बाजूचे तोरण व कठडा कोसळला. कनिंगहॅम यांनीही प्रत्येक स्तूपात उभी विहीर खणली. मात्र जे सापडले ते त्यांनी वाचले आणि लिहून ठेवले. सोनारीच्या त्या ढिगाच्या मध्यावर आम्ही मुलांनी वाकून पाहिलेला खड्डा अशाच खोदाईचा होता.

सोनारीला काय मिळाले? हाडांचे लहान तुकडे ठेवलेले करंडक आणि त्यांवर ब्राह्मी लिपीत कोरलेली नावे. त्यांत मज्झिम हे एक नाव आहे. दुसरे कासपगोत, आणि त्याच्यापुढे बिरुद आहे ते सर्व हैमवतांच्या, म्हणजे हिमालयातील लोकांच्या, आचार्याचे. आता श्रीलंकेतील पाली बखरींकडे वळा. अशोकाच्या काळी धर्मप्रसारासाठी निरनिराळ्या प्रदेशांत थेर पाठवले, त्यांची यादी त्या देतात. आणि हिमालयात गेलेल्यांमध्ये मज्झिम व कस्सपगोत्त ही नावे आहेत. त्या बखरी या घटनांनंतर कित्येक शतकांनी, समुद्रापलीकडे रचल्या गेल्या. तेथे लिहिलेले नाव येथे रानातल्या दगडाखाली, प्रत्यक्ष अस्थींच्या डबीवर निघावे! लंकेतली परंपरा ही निव्वळ कल्पित कथा नव्हे, याचा याहून बोलका पुरावा सहसा मिळत नाही.

याच थेरांच्या अस्थींचा अंश सांचीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्तूपातही होता. त्यांच्या परंपरेतल्या गोतिपुताच्या शिष्याचे नाव अंधेरला निघाले. सारिपुत्त आणि महामोग्गलान या बुद्धाच्या दोन पट्टशिष्यांचे धातू सांचीच्या तिसऱ्या स्तूपात निघाले तसे सतधारालाही निघाले. म्हणजे या टेकड्यांवरील विहार परस्परांना अनोळखी नव्हते. एकाच कुटुंबाच्या शाखा जशी आपापल्या देवघरात कुलदेवतेची मूर्ती ठेवतात, तसे त्यांनी आपल्या पूर्वाचार्यांचे अंश वाटून घेतले होते. दोन पट्टशिष्यांचे धातू पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात राहिले. १९४७ साली ते परत देण्यात आले आणि १९५२ च्या नोव्हेंबरात, पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत, सांचीच्या नव्या चैत्यगिरी विहारात त्यांची स्थापना झाली.

उरलेले तीन गुण

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो. एकांत हे उत्तर चुकीचे नव्हते. पण विनयपिटकात विहारासाठी जागा कशी असावी याचा विचार येतो, तेथे गावापासून फार लांब नको आणि फार जवळही नको, येण्याजाण्यास सोयीची आणि रात्री शांत असावी, असा आशय आहे. भिक्षूला रोज भिक्षेसाठी गावात जायचे असते. ज्या रानातून सकाळी निघून माध्यान्हापूर्वी जेवण मिळत नाही, ते रान त्याच्या कामाचे नाही.

म्हणून पहिला गुण वाटेचा. सुत्तनिपातात बावरीच्या शिष्यांचा प्रवास आला आहे. ते पतिट्ठान म्हणजे पैठण येथून निघून माहिस्सती, उज्जेनी, वेदिस आणि कोसंबी यांवरून सावत्थीला जातात. यातले वेदिस हीच विदिशा. दख्खनचा माल याच रस्त्याने गंगेच्या खोऱ्यात जाई. याच नगरात तक्षशिलेच्या यवन राजाचा दूत हेलिओडोरस आला आणि त्याने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. बेसनगरला तो स्तंभ आजही आहे आणि त्या परिसरात १९१३ नंतर उत्खनन करणारे विद्वान देवदत्त रामकृष्ण भांडारकर हे मराठीच होते. नगराभोवतीच्या टेकड्यांवर स्तूप उभे राहिले ते या वर्दळीला पाठ फिरवून नव्हे. वाटसरूंना ते दुरून दिसावेत, अशाच त्यांच्या जागा आहेत. अंधेरच्या कड्यावर उभे राहिले की खालचे सारे मैदान तळहातावर घेतल्यासारखे दिसते.

दुसरा गुण पाण्याचा, आणि येथे माझा व्यवसाय कामी आला. सांचीची टेकडी आणि शेजारची नागौरीची टेकडी यांच्यामधल्या खोऱ्यात एक जुना बांध आहे. मी तो प्रथम पाहिला तेव्हा जागेची निवड मला लगेच पटली. दोन टेकड्यांच्या खिंडीत भराव घालावा, हे कोणताही अभियंता सांगेल. तो किती जुना असेल याची मात्र मला कल्पना नव्हती. पुढे डॉ. ज्युलिया शॉ या संशोधिकेने १९९८ पासून सांचीच्या आसमंताची गावोगाव पाहणी केली आणि जलविज्ञानाचे तज्ज्ञ जॉन सटक्लिफ यांच्या साहाय्याने अशा सोळा-सतरा बांधांचा अभ्यास मांडला. मातीचा भराव, त्याला दगडी अस्तर, उंची एक ते सहा मीटर, लांबी ऐंशी मीटरांपासून चौदाशे मीटरांपर्यंत. त्यांच्या मते यांतले जुने बांध इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांतले, म्हणजे स्तूपांच्याच काळातले आहेत.

हे पाणी कशासाठी अडवले? विदिशेची काळी जमीन पावसाळ्यातली ओल धरून ठेवते. तेथे गहू सिंचनाविना येतो, हे आपण सर्व जाणतो. गव्हासाठी एवढी खटपट नको. म्हणून हे पाणी भातासाठी असावे, असे या अभ्यासकांचे अनुमान आहे आणि मला ते सयुक्तिक वाटते. वाढत्या नगराला आणि वाढत्या संघाला अन्न हवे होते. बांध बहुधा विहारांच्या टेकड्यांच्या पायथ्याशी का आढळतात, याचेही उत्तर त्यात मिळते. शेत, तळे आणि विहार हे एकाच व्यवस्थेचे भाग होते. ज्याला आज आपण अरण्यातले अवशेष म्हणतो, त्यांच्या पायथ्याशी त्या काळी शेते होती. बांध फुटले, वाटा बदलल्या, वस्ती सरकली आणि मग झाडी जोत्यांवर चढत गेली. भिक्षू जेवढ्या रानात आले होते, त्याहून कितीतरी अधिक रान त्यांच्या मागून आले.

तिसरा गुण माणसांचा. सांचीच्या कठड्यांवर, फरशांवर आणि तोरणांवर मिळून सहाशेहून अधिक दानलेख आहेत. बहुतेक एकाच ओळीचे: अमक्या गावच्या अमक्याचे दान. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांच्यापुढे या लेखांचे ठसे आले, तेव्हा बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात हे त्यांनी हेरले. हा शब्द 'दानं' असावा हे त्यांनी ओळखले आणि ब्राह्मी लिपीचे कुलूप त्या किल्लीने उघडले. अशोकाचे शिलालेख आपल्याला वाचता आले, त्याला या सामान्य दात्यांचे ऋण आहे.

हे दाते कोण होते? गृहस्थ, त्यांच्या बायका, आया, व्यापारी, लेखनिक, विणकर. भिक्षू आहेत आणि जवळजवळ तितक्याच भिक्षुणीही आहेत. उज्जयिनीचे दाते तर मोठ्या संख्येने आहेत. विदिशेच्या हस्तिदंताचे काम करणाऱ्यांनी दक्षिण तोरणाच्या कोरीव कामाचा एक भाग केला, असे तेथेच लिहिले आहे. एकाने एक खांब द्यावा, दुसऱ्याने एक आडवा दगड द्यावा, आणि त्यातून एवढा कठडा उभा राहावा. या वाटेने आलेले, या शेतांवर जगलेले लोक टेकडीवर काहीतरी ठेवून गेले, म्हणून विहार चालले. सोनारीला सरांनी विचारलेल्या "तू काय दिलेस?" या प्रश्नाचा रोख मला येथे उमगला. त्यांचे दोन्ही प्रश्न वस्तुतः एकच होते.

अक्षयनीवी

शेवटी एका लेखाबद्दल सांगून थांबतो. तो गुप्तकाळातला, इसवी सन ४५०-५१ चा आहे. हरिस्वामिनी नावाच्या उपासिकेने सांचीच्या विहाराला बारा दीनारांची अक्षयनीवी दिली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कधी मोडायचे नाही अशी ठेव. तिच्या व्याजातून रोज एका भिक्षूला जेवण द्यावयाचे होते. आणखी तीन दीनार रत्नगृहातल्या दिव्यांसाठी आणि एक दीनार बुद्धमूर्तींपुढील दिव्यासाठी. सोळा दीनारांचा हा चोख हिशेब वाचताना आपल्या शाळेच्या कार्यकारिणीची वार्षिक सभा मला आठवली, हे कबूल केले पाहिजे. ही व्याख्यानमालासुद्धा विद्यार्थ्यांनी सरांच्या नावे ठेवलेल्या अशाच एका ठेवीच्या व्याजावर चालते.

हरिस्वामिनीने 'अक्षय' असा शब्द वापरला. पण ती ठेव अक्षय राहिली नाही. सांचीचा विहार बाराव्या शतकाच्या सुमारास ओस पडला. मुद्दल कुणी बुडवले की काय, याला माझ्या मते फारसे महत्त्व नाही. त्या ठेवीची अटच अशी होती की दररोज जेवायला एक भिक्षू यावा. तो येईनासा झाला, त्या दिवशी व्याजाला अर्थ उरला नाही.

मित्रहो, आपल्या सभागृहाच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत. माझेही नाव त्यांत एका ओळीत आहे. सोनारीला जे अक्षर अर्धवट राहिले ते येथे पुरे झाले, असे मी काही वर्षे समाधानाने मानीत होतो. आमच्या वेळी नववीच्या दोन तुकड्या भरत. आज मराठीच्या वर्गात एका तुकडीचे बाक भरत नाहीत, हे आपण पाहतोच आहोत. आपली मुले दुसऱ्या शाळांत जातात. माझीही गेली. त्यासाठी कुणाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. परंतु निधी पुरेसा आहे, इमारत भक्कम आहे, म्हणून शाळा टिकेल असे आपण समजत असू, तर सतधाराची जोती पाहून यावीत. तीही भक्कमच होती.

म्हणून या वर्षापासून मी दर शनिवारी सकाळी शाळेत येऊन मुलांना गणित शिकवणार आहे. मुख्याध्यापकांनी त्यास संमती दिली आहे. तास मराठीत होईल. आपल्यापैकी ज्यांना आठवड्यातला एक तास देता येईल, त्यांनी कार्यालयात आपले नाव नोंदवावे.

आणि या हिवाळ्यात मुलांची सहल सांचीला न्यावी, अशी माझी शाळेला विनंती आहे. महास्तूप पाहून झाल्यावर एक दिवस सोनारीसाठी अवश्य राखावा. मुलांनी स्तूपावर चढू नये, दगड हलवू नये, खापराचा तुकडाही घरी आणू नये. जमल्यास मीही बरोबर येईन. त्या पठारावर कुठेतरी माझे अर्धवट कोरलेले अक्षर असेल. ते सापडले तर मुलांना दाखवीन आणि सरांचा प्रश्न त्यांना विचारीन.